मागच्या अंकात काय छापलं होतं?

पालिकेच्या मासिकात महापौरांचा फोटो किती सेंटिमीटरचा असावा, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मला मात्र ते तोंडपाठ होतं. महापौरांचा रुंदीला साडेचार. आयुक्तांचा त्याहून अर्धा सेंटिमीटर कमी. उपमहापौरांचा आयुक्तांइतकाच, पण खालच्या ओळीत. स्थायी समितीच्या सभापतींचा किती, यावर दर वर्षी नवा वाद, कारण सभापती बदलले की 'मागच्यांचा मोठा होता' हे कुणीतरी जुना अंक काढून दाखवायचंच.

ठाण्यातल्या चरईत आमची डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायची, एक खोली होती. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, पानं लावायला पेजमेकर आणि मराठी अक्षरांना श्रीलिपी. पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, शाळांची हस्तपत्रकं, एखाद्या दिवाळी अंकाची पानं, येईल ते करायचो. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एक पालिका. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आणि दोन नगरपालिका आहेत. त्यातली कुठली ते सांगणार नाही, तिथली जुनी माणसं अजून दिवाळीला फोन करतात. नागरिकांना कामकाजाची माहिती मिळावी म्हणून ती पालिका दर महिन्याला मासिक काढायची. बत्तीस पानं, आर्टपेपर, चार रंग, मध्ये पिना. मजकूर जनसंपर्क खात्याकडून यायचा, पानं आम्ही लावायचो आणि छपाई वागळे इस्टेटमधल्या प्रेसला.

फोटोंच्या बाबतीत आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: माणूस पानाच्या आत बघत असावा. तो पानाबाहेर बघत असला की वाचणाऱ्याची नजरही बाहेर जाते. आता मानाप्रमाणे ज्यांचा फोटो डावीकडेच हवा, ते नेमके डावीकडे, म्हणजे पानाच्या बाहेर बघत बसलेले. फोटो कॉम्प्युटरवर उलटा करावा तर शर्टाचा खिसा उजव्या बाजूला जातो आणि भांग दुसरीकडे. एका सभापतींचा असा उलटा फोटो छापून आला (माझ्याकडून नव्हे, प्रेसवाल्याने परस्पर केलेला कारभार) तेव्हा त्यांच्या घरच्यांनीच ओळखलं, कारण गालावरचा तीळ बाजू बदलून बसला होता. त्यानंतर समोर बघणारेच फोटो मागवायचे, असं ठरलं. मग सगळं मासिक पासपोर्ट ऑफिससारखं दिसायला लागलं.

सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ ला सरकारी जाहिरातींबद्दल निकाल दिला होता. जाहिरातीत फोटो फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांचे चालतील, बाकी कुणाचे नाहीत. पुढे १८ मार्च २०१६ ला त्यात राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांना सवलत मिळाली. महापौर आणि सभापती दोन्ही यादीत नव्हते. जनसंपर्क खात्यातल्या साहेबांना मी भीत भीत विचारलं, 'साहेब, आपल्याला हे लागू होतं का?' साहेब म्हणाले, 'ताई, तो निकाल जाहिरातींचा. आपलं मासिक आहे.' बरं.

पण मला खरं सांगायचंय ते एकतिसाव्या पानाबद्दल.

मुखपृष्ठाच्या शेवटच्या बाजूवर बत्तिसावं पान, तिथे शुभेच्छा किंवा एखादी स्वच्छतेची घोषणा. त्याच्या आतलं एकतिसावं पान तक्त्यांचं. प्रभाग कार्यालयांचे फोन, पाणीखात्याच्या तक्रारींचा नंबर, अग्निशमन, रुग्णवाहिका, शवविच्छेदनापासून जन्मदाखल्यापर्यंत काय कुठे मिळतं, कुठल्या आरोग्य केंद्रात लसीकरणाचा वार कुठला, नाट्यगृहाचं महिन्याचं वेळापत्रक. माझ्या दृष्टीने बत्तीस पानांत तेवढंच एक पान मासिकाचं, बाकीचा अल्बम. आणि दर महिन्याला बळी जायचं ते हेच पान. अंक प्रेसला जायच्या आदल्या रात्री फोन यायचा: 'ताई, परवाच्या शुभारंभाचे फोटो आलेत, एक पान मोकळं करा.' कुठलं करू? 'ते शेवटचं आकड्यांचं करा, ते काय, पुढच्या महिन्यात पण तेच असतं.'

तेच असतं, म्हणून तर ते कापून ठेवतात! आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनने लिफ्टशेजारच्या भिंतीवर हे पान फेव्हिकॉलने चिकटवलं होतं. पाणीखात्याचा नंबर निळ्या पेनाने गोल केलेला, शेजारी कुणीतरी लिहिलेलं 'सकाळी अकरानंतर उचलतात'. दवाखान्याच्या नंबरापुढे फुली. एका नंबरापुढे फक्त 'सज्जन' एवढंच. कुठल्या खात्यातला सज्जन ते कळायला मार्ग नव्हता, पण माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. छापलेल्या पानावर लोकांनी आपली माहिती भरत नेली होती. महापौरांच्या पानावर असं कुणी काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. म्हणजे लिहिलं असेल, पण ते इथे देण्यासारखं नव्हतं.

वाटपाची कथा वेगळीच. काही गठ्ठे पेपरवाल्यांकडे जायचे, काही प्रभाग कार्यालयांत. तिथे नागरी सुविधा केंद्राच्या टेबलाखाली सुतळी न सोडलेले गठ्ठे मी स्वतः बघितलेत. आर्टपेपरला भेळवालाही विचारत नाही, त्यावर तेल मुरत नाही.

आता मजकुराचं. पाणीकपातीची सूचना साधारण अशी यायची: 'तांत्रिक कारणास्तव सदर परिसरातील पाणीपुरवठा शुक्रवार रोजी बंद राहणार असून त्यानंतर पुढील कालावधीत कमी दाबाने पाणीपुरवठा होण्याची शक्यता आहे. तरी नागरिकांनी नोंद घेऊन सहकार्य करावे.' एकदा मी धाडस करून ते असं लिहून पाठवलं: 'गुरुवारी रात्री बारापासून शुक्रवारी रात्री बारापर्यंत नळाला पाणी येणार नाही. शनिवारी सकाळी येईल, पण जोर नसेल. वरच्या मजल्यांवर पोचायला दुपार होईल. दोन दिवसांचं भरून ठेवा.' साहेबांना भाषा आवडली. फक्त 'वरच्या मजल्यांवर पोचायला दुपार होईल' हे काढायला सांगितलं, कारण तसं छापलं तर आपण मान्य केल्यासारखं होतं. मग 'जोर नसेल' काढलं. मग 'दोन दिवसांचं' काढलं, कारण बंद एकच दिवस आहे. शेवटी माझ्या मजकुरातला 'गुरुवारी रात्री बारा' तेवढा उरला. तोही काही कमी नव्हे. आधी तेवढंही नसायचं.

हे काही एका पालिकेपुरतं नाही आणि पाण्याचा विषय आपल्याकडे आहेही गुंतागुंतीचा. ठाणे शहरालाच बघा. पालिकेची स्वतःची योजना भातसा नदीवरच्या पिसे बंधाऱ्यावरून येते. स्टेम हे पाणीपुरवठ्याचं वेगळं प्राधिकरण, ते उल्हास नदीचं पाणी शहाडहून देतं. एमआयडीसीचं येतं बारवी धरणाच्या बाजूने. शिवाय काही पाणी मुंबई महापालिकेकडून. एमआयडीसीने दुरुस्तीला शटडाऊन घेतला की कळवा, मुंब्रा, दिवा या बाजूला बोंब होते आणि नौपाड्यात लोक निवांत गाड्या धूत असतात. पिशाला काही बिघडलं की उलट. खाडीपलीकडे नवी मुंबईला मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं, तरी दिघ्याकडच्या काही भागात एमआयडीसीचंच पाणी. म्हणजे 'ठाण्यात पाणी नाही' या बातमीने माझ्या बादलीचं काहीच ठरत नाही. माझ्या नळाला कुणाचं पाणी येतं हे मला माहीत असेल, तर अर्धी चिंता मिटली. ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत. त्यांच्या नकाशावर चार रंगांत चार पाणीपुरवठे दाखवणारं एक पान कुणी छापलं, तर लोक ते फ्रेम करून लावतील. चार रंगांची छपाई त्यासाठी वापरा की.

एकतिसाव्या पानानंतर माझा दुसरा लाडका विषय म्हणजे मागचा अंक.

मासिकाचं काम करणाऱ्याला एक गोष्ट दिसते, ती वाचणाऱ्याला सहसा दिसत नाही. नव्या महिन्याचा अंक आम्ही कोऱ्या पानावर कधीच सुरू करत नसू. मागच्या महिन्याची फाइल उघडायची, नव्या नावाने सेव्ह करायची आणि बदलेल तेवढं बदलायचं. त्यामुळे काय बदललं नाही, हे मला आपोआप कळायचं. एका नाल्यावर पादचारी पूल व्हायचा होता. 'काम प्रगतिपथावर असून मेअखेर पूर्ण होईल.' पुढच्या महिन्यात तिकडून निरोप: तो परिच्छेद तसाच राहू दे. पुन्हा पुढच्या महिन्यात: राहू दे. जून उजाडला तेव्हा मीच फोन केला, 'साहेब, मेअखेर गेला हो.' मग 'पावसाळ्यानंतर' झालं. दिवाळीच्या अंकात पूल परत प्रगतिपथावर.

त्या भागात राहणारे एक निवृत्त मास्तर होते. मासिक वाचणारे बहुधा तेवढेच, पण एकटे शंभरांना भारी. सगळे अंक त्यांनी वर्षवार बांधून घेतले होते, कापडी पुठ्ठ्यात, पाठीवर सोनेरी अक्षरांत साल. मधला एक अंक त्यांना मिळाला नव्हता, म्हणून पत्ता शोधत ते आमच्या खोलीवर आले. चहा घेतला आणि पालिकेला लिहिलेल्या पत्राची झेरॉक्स दाखवली. पत्रात एकही विशेषण नव्हतं. फक्त अंकाचा महिना, पान क्रमांक आणि छापलेलं वाक्य. पुन्हा महिना, पान, वाक्य. अशा सात-आठ ओळी. खाली: 'वरीलपैकी कोणते विधान आज खरे समजावे?' त्यांच्या अक्षरात शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ होती.

पत्राचा परिणाम झाला. पूल नाही झाला लगेच. पण जनसंपर्क खात्यातून सूचना आली की यापुढे मजकुरात महिने टाकायचे नाहीत. 'मेअखेर'च्या जागी 'लवकरच', 'डिसेंबरपर्यंत'च्या जागी 'नजीकच्या काळात'. फाइलमध्ये शोधून शोधून मी तारखा काढल्या. त्या दिवशी मला मासिकाची खरी किंमत कळली. छापलेल्या महिन्याला एवढं घाबरतात, म्हणजे त्यात काहीतरी दम असणार.

माझा मुलगा म्हणतो, 'आई, छापील मासिकाचे दिवस गेले, सगळं व्हॉट्सअॅपवर येतं.' येतं खरं. 'उद्या पाणी नाही' हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी येतो आणि तो कधीच्या 'उद्या'बद्दल आहे ते कुणालाच माहीत नसतं. मागच्या वर्षीचा उद्या असतो कधीकधी. सगळे पिंपं भरतात, पाणी मात्र धो धो येतं, आणि मग खरा मेसेज येतो तेव्हा कुणी लक्ष देत नाही. त्या मेसेजखाली संपादक नाही, मुद्रक नाही, प्रकाशक नाही, अंक नाही, पान नाही. मास्तरांनी काय बांधून ठेवावं? पालिकांची अॅपं आणि संकेतस्थळं आहेत, तिथे माहिती असते, नाही असं नाही. पण संकेतस्थळाचं रूप बदललं की जुनी पानं जातात कुठे ते विचारू नये. पीडीएफ काढा, माझी ना नाही, कागद वाचेल. जुनी पीडीएफ जागच्या जागी ठेवा म्हणजे झालं.

आणि हे काही पालिकेने उपकार म्हणून करायचं नाही. माहितीचा अधिकार २००५ चा. आपल्याला त्यातला अर्ज माहीत आहे, दहा रुपयांचा स्टॅम्प माहीत आहे. पण कलम ४ मध्ये लिहिलंय की कुणी न विचारताच प्रत्येक कार्यालयाने आपली सतरा प्रकारची माहिती जाहीर करायची आणि ती ताजी ठेवायची. अधिकारी कोण, त्यांची कामं काय, निर्णय कसे होतात, पैसा कुठे जातो. ती स्थानिक भाषेत आणि त्या भागात लोकांपर्यंत नीट पोचेल अशा मार्गाने द्यायची. सूचनाफलक, वर्तमानपत्रं, जाहीर घोषणा, इंटरनेट, सगळे मार्ग कलमातच सांगितलेत. म्हणजे मासिकाचा मजकूर कायद्यानेच तयार करून ठेवलाय, फक्त पानं लावायची. विकास आराखड्याचंही तसंच. प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांना मुदत असते, आणि ती सूचना वर्तमानपत्रात मुंगीच्या अक्षरात येते. तुमच्या गल्लीवर रस्तारुंदीची रेघ आलीय का, हे तुम्हाला मुदत संपल्यावर शेजारी सांगतो. झाडं तोडायच्या नोटिसा बुंध्यावर चिकटवतात, पाऊस आला की त्यांचा लगदा. एवढं सगळं छापायला असताना नारळ फोडण्याच्या फोटोला अर्धं पान?

भाची इंग्लंडमध्ये असते. तिच्याकडेही कौन्सिलचं मासिक घरी येतं, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे घरात टिकतं ते कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक. एकतिसावं पान तिथेही तेच! तिकडे सरकारने २०११ मध्ये नियमच केला की कौन्सिलांनी असली पत्रं तीन महिन्यांतून एकदाच काढावीत, कारण लोकांच्या कराच्या पैशातून निघणारी ही पत्रं गावातल्या वर्तमानपत्रांच्या पोटावर पाय देतात. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागातलं 'ईस्ट एंड लाइफ' तर आठवड्याला निघायचं. ते २०१६ मध्ये बंद झालं. त्याच नियमावलीत निःपक्षपातीपणा आहे, खर्चाचं भान आहे, निवडणुकीच्या दिवसांत जास्त जपून, हेही आहे. आपल्याकडे आचारसंहिता लागली की मासिक गप्प. पाणी मात्र आचारसंहितेतही जातं.

गावातल्या वर्तमानपत्रांचा मुद्दा मला पटतो. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची, आणि काशिनाथ विष्णु फडक्यांचं 'अरुणोदय' साप्ताहिक इथे सुरू झालं १८६६ मध्ये. नगरपालिकेच्या मागोमाग तिच्याबद्दल लिहिणारं पत्र आलंच. १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. हे छापील अक्षर वाचणारं आणि जपणारं गाव. पालिकेने पालिकेची टीका छापावी असं मी म्हणत नाही, ते तिचं काम नव्हे. तिने वेळापत्रक छापावं, तारीख छापावी, रक्कम छापावी. टीका करायला गाव समर्थ आहे.

एवढं सगळं डोक्यात पुन्हा यायला कारण घडलं निवडणुकीचं. ठाण्यातल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, नवी मुंबईतल्यांची तर मे २०२० मध्ये. मधली सगळी वर्षं प्रशासकांची. (फोटोंच्या दृष्टीने सुवर्णकाळ म्हणायचा, एकच चेहरा.) शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि ठाण्यात १३१ नगरसेवक परत आले. आमच्या प्रभागातल्या चौघांपैकी एकाच्या कार्यालयातला मुलगा परवा घरी आला. चुणचुणीत आहे, कॉमर्सचा.

'काकू, भाऊंना प्रभागाचं मासिक काढायचंय. सोळा पानं, फुल कलर. नागरिकांना सगळी माहिती मिळायला पाहिजे, असं भाऊ म्हणतात.'

'कोण लिहिणार?'

'ते बघू. डिझाइन तुम्ही करा.'

मी म्हटलं, डिझाइन करते, पण माझं ऐकायचं. सोळा पानं नकोत, चार पुरे. ए-थ्रीचा एक कागद, मधे घडी. आर्टपेपर नको, साधा मॅपलिथो, म्हणजे त्यावर पेनाने लिहिता येतं. एक रंग काळा, दुसरा कुठला तो भाऊंनी निवडावा. (तो कुठला निवडणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.) नियमित काढणार असाल तर नोंदणीचं विचारून घ्या, १८६७ चा जुना कायदा गेला, २०२३ चा नवा मार्च २०२४ पासून लागू आहे. मुद्रक-प्रकाशकाचं नाव खाली हवंच. भाऊंचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, समोर बघणारा.

'तिकिटाएवढा?'

'मोठ्या तिकिटाएवढा.'

शेवटचं पान आधी लावायचं आणि एकदा लावलं की ते कुणासाठीही मोकळं करायचं नाही, पंतप्रधान आले तरी. त्यावर प्रभागातले फोन, पण नुसते खात्यांचे नकोत. कुठल्या हुद्द्याचा माणूस कुठल्या वेळेत भेटतो ते. घंटागाडी कुठल्या गल्लीत किती वाजता. घरपट्टी एकरकमी भरली तर सवलत कुठल्या तारखेपर्यंत. नालेसफाई कुठल्या नाल्यात कधी सुरू, कधी संपणार, ठेकेदार कोण. मुलगा मोबाइलवर सगळं लिहून घेत होता. ठेकेदाराशी जरा थबकला, पण लिहिलं.

'आणि पहिल्या पानावर वर उजवीकडे एक चौकट. शीर्षक, "मागच्या अंकात". डावीकडे आपण काय छापलं होतं, उजवीकडे त्याचं काय झालं. झालं असेल तर झालं, नाही तर नाही. "लवकरच" हा शब्द या चौकटीत चालणार नाही.'

इथे त्याने लिहिणं थांबवलं. म्हणाला, भाऊंना विचारून सांगतो.

विचारून आला. चार पानं मान्य, मॅपलिथो मान्य, ठेकेदाराचं नाव 'बघू', फोटो तिकिटाऐवजी पासपोर्ट. आणि चौकटीचं त्याने फार खुशीत सांगितलं, उत्तर त्यालाच सुचलं असावं: 'काकू, चौकटीला भाऊंची ना नाही. पण ती दुसऱ्या अंकापासून घेऊ. पहिल्या अंकाला मागचा अंक कुठला?'

मुद्दा बिनतोड होता. मी आत गेले आणि टीव्हीखालच्या खणातून भाऊंचं निवडणुकीतलं पत्रक आणलं. आठ पानी, आर्टपेपर, चार रंग, 'माझा प्रभाग, माझा शब्द' अशा धर्तीचं काहीतरी शीर्षक, आत एकवीस कलमं. सात नंबरला नाला होता, बाराला पाणी. दोन्हींपुढे चक्क महिने छापलेले. छपाई चांगली झालीय, वागळे इस्टेटचीच असणार.

'हा घे मागचा अंक.'

त्याने तो उलटा-सुलटा करून बघितला. 'हे तुम्ही ठेवलंय अजून?'

'मीच नाही,' म्हटलं, 'तळमजल्यावरच्या आजोबांनी तर दोन ठेवलेत.'